वायरलेसवरचे तीन आकडे

ती गोष्ट आठवली की आधी मला स्वतःचा राग येतो आणि मग हसू येते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, फसवणुकीच्या फायली उशाला घेऊन झोपलो. पण कोणी आठवण सांगा म्हटले की माझ्या तोंडून हीच निघते, आणि ऐकणाऱ्याची निराशा होते, कारण हिच्यात कोणाला अटक झालेली नाही. नावे मी कोणाचीच देणार नाही. ज्या गावात हे घडले त्या मुरब्यात सगळ्यांना ती माहीत आहेत, आणि बाहेरच्यांना ती कळून काही उपयोग नाही.

तेव्हा मी पालघरच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. बोईसरला नेमणूक असली की कारखान्यांतली भांडणे, भंगारचोऱ्या आणि दिवसभर हिंदी. किनाऱ्यावर मात्र सगळे लक्ष समुद्राकडे. जवळच तारापूरचा अणुवीज प्रकल्प असल्यामुळे वरून सारख्या सूचना यायच्या. अनोळखी होडी, अनोळखी माणूस, अनोळखी आवाज, काहीही आढळले तर कळवा, असे आम्ही गावोगाव सभा घेऊन सांगायचो. मच्छीमार शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी डिझेलचे विचारायचे.

एका सकाळी शिरगावचा एक तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, ठाण्यात आला. चपला दाराबाहेर काढून आला. पोलीस ठाण्यात चपला काढून येणारा माणूस बहुधा खरे बोलतो, हा माझा अनुभव आहे.

"सायेब, वायरलेसवर कोन तरी आकडे बोलतो," तो म्हणाला.

"कसले आकडे?"

"तीन तीन. चौदा, बासष्ट, दोन. मग गप. अर्ध्या तासानं परत तीन. दुसरं काय बोलत नाय. आनि सायेब, त्याला कोन तरी जवाब देतो. तोंडानं नाय. नुस्तं बटन दाबतो, दोनदा. टक, टक."

बोटींवर एकमेकांशी बोलायला जे वायरलेस संच असतात, त्यांवर कोणी सांकेतिक आकडे पाठवते आहे आणि समुद्रातून त्याची पोच मिळते आहे! मी स्टेशन डायरीत नोंद घेतली, वरिष्ठांना कळवले आणि ठाण्यातल्या संचावर एका महिला शिपायाला ऐकायला बसवले. ती वाडा तालुक्यातली, नोकरीत नवी, अक्षर सुरेख. दोन दिवस काहीच आले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर आवाज आला. म्हाताऱ्या पुरुषाचा, खरखरीत. "सात, एकतीस, शून्य." आणि थोड्या वेळाने दोनदा टक, टक.

आता आमची हुशारी ऐका. पहिला आकडा अंतर, दुसरा दिशा, तिसरा बोटींची संख्या, असे मी ठरवले आणि भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या टोचायला लागलो. एक टाचणी समुद्र सोडून आत, वाणगावच्या मिरचीच्या शेतात पडली. माझा हवालदार गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सर, तिथे उतरणार असतील." मीही मान डोलावली.

ती शिपाई दारात उभी होती. दबक्या आवाजात म्हणाली, "सर, हे षटकं, धावा आणि बळी वाटतंय."

"काय?"

"क्रिकेट, सर. आपल्या मुलींची तीन देशांची एकदिवसीय मालिका चालू आहे ना परदेशात. सामना सकाळी दहाला सुरू होतो."

खरे सांगतो, अशी काही मालिका चालू आहे हे ठाण्यातल्या एकाही पुरुषाला ठाऊक नव्हते. पुरुषांची असती तर हवालदाराने खेळपट्टी कशी आहे तेही सांगितले असते. मी म्हटले, ताडून पाहा. तिने त्या दिवसाचा धावफलक मोबाइलवर काढला. जुळेना. वायरलेसवर तिसाव्या षटकाला एकशे बावन्न धावा, दोन बळी. खरे पाहता एकशे अठरा, पाच बळी. मी तिला चारचौघांत फटकारले. ठाण्यात क्रिकेट आणू नका म्हणालो. ती "हो सर" म्हणाली आणि परत संचाजवळ जाऊन बसली. तिने लिहिणे मात्र थांबवले नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही साध्या कपड्यांत एकेक गाव पाहत मुरब्याच्या किनाऱ्यावर पोचलो. दुरुस्तीसाठी वर ओढून ठेवलेल्या एका जुन्या बोटीवर वायरलेसची काठी उभी दिसली. आत सत्तरीचा एक म्हातारा बसला होता. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात बोलायचे यंत्र. आम्हाला पाहून त्याने पळायचा प्रयत्न केला नाही. यंत्र अलगद खाली ठेवले आणि डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

शेजारी जाळी विणत बसलेल्या माणसांना मी विचारले, हे काय चालते ते तुम्हाला माहीत होते? सगळे एकदम जाळ्यातल्या गाठी शोधायला लागले. अख्ख्या गावाला माहीत होते, हे मला तिथेच समजायला हवे होते.

ठाण्यात आणून त्याची चौकशी सुरू केली. तो जुना तांडेल, आयुष्य समुद्रावर गेलेले. बायको वारलेली, एकटा राहतो, एवढे त्याने सांगितले. आकडे कोणाला पाठवतोस? गप्प. समोरून बटण कोण दाबतो? गप्प. मी आवाज चढवला, बोट जप्त होईल म्हणालो, तारापूरचे नाव घेतले. चहा समोर ठेवला तो तसाच निवला. दोन तास मी बोलत होतो आणि तो रुमालाची घडी घालत होता. माझ्या मते हा पक्का गुन्हेगार होता. इतका शांत माणूस निर्दोष असूच शकत नाही, असे मला वाटले.

तेवढ्यात ती शिपाई आपली वही घेऊन आत आली. मी नजरेनेच बाहेर जा म्हटले. ती गेली नाही.

"सर, एकदाच पाहा. मालिका तीन संघांची आहे. म्हणजे दर दोन सामने झाले की एक सामना असा येतो, ज्यात आपल्या मुली खेळत नाहीत. त्या दिवसाचे आकडे मी ताडले. सगळे बरोबर आहेत. एकही चुकलेला नाही. चुकलेत ते फक्त आपल्या मुलींच्या सामन्यांचे. धावा वाढवल्यात आणि बळी कमी केलेत."

मग ती म्हाताऱ्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "काका, आपल्या मुली हरत होत्या ते तुम्ही लपवलंत ना? कोणापासून?"

म्हाताऱ्याने तोंडाला रुमाल लावला आणि तो रडायला लागला. मी खिडकीकडे वळलो. माझ्या आवाजाने जे दोन तासांत झाले नाही, ते तिच्या 'काका'ने झाले.

"माजा पोरगा," तो म्हणाला. "त्याच्या बोटीवर आयकतो."

पुढचे त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितले. मुलगा मुरब्यातच, पाच मिनिटांवर राहतो. त्याची मुलगी चांगली खेळते. बोईसरच्या मैदानावर शिकायला येशील का, असे तिला कोणीतरी विचारले होते. म्हाताऱ्याला ते पटले नाही. पोरीचे खेळणे ते काय खेळणे, म्हणाला, आणि एका दुपारी रागाच्या भरात नातीची बॅट कोयत्याने फोडून चुलीत घातली. त्या दिवशी मुलगा बायकापोरांना घेऊन वेगळा झाला. दोन वर्षे बापाशी एक शब्द बोलला नाही.

"दारात जायला तोंड नव्हतं, सायेब. बोटीवर असतो तवा फोन लागत नाय, आनि घरी असतो तवा माजा उचलत नाय. पन वायरलेस सगल्यांचाच असतो. मालिका चालू झाली, मी आकडे बोललो. पोरींच्या खेलाचे आकडे मी बोलतोय, एवढं त्याला कललं तरी पुरं, म्हटलं. दोनदा काय नाय आलं. तिसऱ्यांदा टक टक आलं. त्या दिवशी मला जेवन गेलं नाय, सायेब. पोटच भरलं."

"मग खोटे का सांगितलेस?"

"पोरी हारल्या ते मी कसं सांगू? मीच म्हनलेलो ना, पोरींचं खेलनं ते काय खेलनं."

त्या शिपाई मुलीने आपली वही मिटली.

आता प्रकरण स्पष्ट होते. तरी बोटींच्या संचाचा असा वापर नियमात बसत नव्हता. मी जबाब नोंदवला, संच पंचनामा करून ताब्यात घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सही करायला या म्हणून सांगितले. जाताना तो दारात थांबला. "सायेब, उद्या शेवटचा सामना हाय. उद्याच्या दिवस..."

मी नाही म्हणालो. नियम म्हणजे नियम, असे काहीतरी बोललो. अशा वेळी अधिकाऱ्याला नियम फार आठवतात.

दुसऱ्या दिवशी म्हातारा वेळेवर आला. सही झाली तरी उठेना. ती शिपाई मोबाइलवर सामना पाहत होती, तिने तो दोघांच्या मध्ये ठेवला. मी न पाहिल्यासारखे करून तीनदा तिथून गेलो. आपल्या मुली जिंकत आल्या होत्या आणि शेवटच्या काही षटकांत पटापट बाद झाल्या. पाचच्या सुमारास सामना संपला.

त्यानंतर थोड्याच वेळात बाहेर गलका झाला. ठाणे अंमलदाराला बाजूला सारून एक चाळिशीचा माणूस आत शिरला. अनवाणी, अंगाला मासळीचा वास, पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"माजा बाबा कुटं हाय? काय केलं त्याला?"

आणि मग त्याला बाकावर बसलेला बाप दिसला. तो जागीच थांबला.

"बारा वाजले तरी तुमचा आवाज नाय," तो म्हणाला. "जालं अर्धंच ओढलं आनि बोट फिरवली. मला वाटलं तुमी... किनाऱ्याला लागलो तवा कललं, तुमाला ठान्यात बोलावलंय."

दोन वर्षांतले हे त्याचे बापाशी पहिले बोलणे. म्हातारा उभा राहायला गेला, पण परत बसला.

"सेट सायेबानं घेतला," तो म्हणाला. मग मान खाली घालून, "हारल्या रं. सात धावांनी. मी तुला पयल्या दिवसापासून खोटं सांगितलं."

"म्हाइत हाय. बोटीची पयली फेरी करून आलो तवाच माज्या पोरीनं खरं सांगितलं."

"मग आयकत का रायलास?"

"आकड्यांसाठी कोन आयकत होता, बाबा?"

तो बापाशेजारी बाकावर बसला. दोघेही समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. माझ्या हवालदाराने, ज्याला मी कधी हळवा झालेला पाहिला नव्हता, दोघांसाठी चहा आणला, आणि या वेळी तो संपला. मग मुलगा उठला, बापाच्या दंडाला धरून म्हणाला, "चला घरी. आजचं खरं पोरीला तुमीच सांगा."

मी लेखी समज देऊन प्रकरण बंद केले. वरिष्ठांना अहवाल पाठवला, त्यात टाचण्यांचा उल्लेख टाळला. त्या शिपाई बाईंची मी सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण फटकारले होते तेही सगळ्यांसमोरच. त्या आता फौजदार आहेत.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे विचाराल तर मोठे काही नाही. तीस वर्षे मी समोरच्या माणसाला 'काय केलंस' आणि 'का केलंस' एवढेच विचारत आलो होतो. गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतो आहे, असे धरून चालत होतो. तो लपवतच असतो, पण पुष्कळदा ती नुसती लाज असते, आणि लाजेवर आवाज चढवून काही मिळत नाही. निवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या वर्षांत मी एक प्रश्न आणखी विचारायला लागलो, 'हे कोणासाठी केलंस?' त्याचे उत्तर मिळाल्यावर काही माणसांना मी तुरुंगात पाठवले. पण बऱ्याच जणांना त्यांच्या घरी नेऊन सोडले, आणि नोकरीतले तेवढेच दिवस मला पुन्हा जगायला आवडतील.