आमेन होईस्तोवर

उदगीरच्या तहसील कचेरीतला शिपाई शांतवन दिवसभर साहेबांचं ऐकायचा आणि संध्याकाळी बायकोचं. साहेबांचं ऐकायला पगार मिळतो, एवढाच काय तो फरक, असं तोच हसत सांगे.

लग्नात चर्चच्या पाळकसाहेबांनी जोडप्याला एक सवय लावून दिली होती. जेवणाआधी प्रार्थना करायची, एका दिवशी त्यानं, दुसऱ्या दिवशी तिनं. आणि जोडीदाराचं नाव घेऊन कशाबद्दल तरी देवाचे आभार मानायचे. राग असला तरी मानायचे. 'आमेन' होईस्तोवर दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आल्यावरसुद्धा रत्नम्मानं आभार मानले होते, "ह्यांनी आज माझी पाटी उचलली."

आता ब्याऐंशीत लातूरचा नवा जिल्हा झाला. नव्या कचेरीला माणसं हवी होती. साहेबांनी विचारलं, "जातोस का रे?" शांतवन लगेच हो म्हणून बसला. घरी येऊन चपला काढता काढताच ओरडला, "रत्ने, आपण लातूरला चाललो!"

रत्नम्मा मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिनं ताटं वाढली, पदर डोक्यावर घेतला. आज पाळी तिची होती.

"प्रभू, शांतवनबद्दल तुझे आभार. लई हुशार नवरा दिलास. इतका हुशार, की बायकोनं कुठं राहायचं हे त्यानं एकट्यानंच ठरवलं."

शांतवननं एक डोळा उघडला. तिचे दोन्ही मिटलेले.

"दवाखान्यात बाळंतिणी माझ्या नावानं हाका मारत्यात. त्यानं ऐकलंय, तरी विसरला. त्याच्या डोक्यावर हात ठेव."

"रत्ने, भाकरी गार..."

"आणि मधी बोलणाऱ्याला क्षमा कर."

पिठल्यावर साय धरली. रत्नम्मा चर्चच्या मंडळीतल्या विधवांसाठी, टँकरच्या ड्रायव्हरसाठी, टँकरपाशी झिंज्या उपटणाऱ्या बायांसाठी प्रार्थना करत राहिली. आमेन काही येईना. शांतवनला हसू फुटणार, तोच तिचा आवाज कापला.

"जायचं का न्हाई, मलाच ठावं न्हाई, प्रभू. पण मला कुणी विचारलंच न्हाई."

शांतवनच्या मनात आलं, 'साहेबांचा हुकूम हाय' म्हटलं असतं, तर ती गुमान आली असती. पण मग पुढच्या पाळीला तिनं आभार मानायचे ते कशाचे?

"सकाळी जाऊन 'हो' परत घेतो," तो हळूच म्हणाला. "आमेन म्हणू?"

"प्रार्थना माझी हाय. मीच म्हणंन." आणि म्हणाली.

सकाळी बायकोचं कारण ऐकून साहेब खेकसले, "अरे, जागा जाईल! बायको काय कलेक्टर लागून गेली?"

"त्याच्या वरची हाय, साहेब. घरी विचारायचंच राहिलं."

साहेबांना हसू आवरेना. "बरं, सोमवारी सांग."

संध्याकाळी शांतवन चुलीजवळ बसला. रत्नम्मा भाकरी थापत होती.

"लातूरला जायचं का, रत्ने?"

"नळाला पाणी येतं का तिथं?"

"दोन दिवसाआड, म्हणत्यात."

"अन् दवाखाना?"

"मोठा हाय. मी येतो तुझ्यासंगं, विचारायला."

"विचारीन मी. तुम्ही नुसतं सोबत चला." तिनं भाकरी उलटली. "शनिवारच्या एस.टी.नं जाऊन बघू. मग सांगते."

"अन् न्हाई म्हणालीस तर?"

"तर हितल्याच साहेबाला चहा पाजा."

"पाजतो की," शांतवन म्हणाला, आणि टँकरचा भोंगा ऐकून घागर घेऊन पळाला.