बिनदेवाची काडी

“पितृपक्षात बॉयलर पेटणार न्हाई,” नाना म्हणाले आणि पानाचा डबा फटकन बंद केला. नाना म्हणजे आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन. डबा बंद झाला की विषय संपला, असा कारखान्यात समज होता.

“नाना, बॉयलर नाही पेटवायचा. भट्टी सुकवायची आहे,” मी म्हणालो.

“सुकवायची कशानं?”

“लाकडं पेटवून.”

“मंग पेटवायचाच की!”

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. कोपरगावच्या बाजूला गोदाकाठच्या एका सहकारी कारखान्यात मी बॉयलर इंजिनिअर होतो. त्या वर्षी ऊस उदंड उभा होता. शेजारच्या कारखान्याच्या आधी आपलं धुराडं पेटलं पाहिजे, असं नानांनी मनावर घेतलं होतं. घटस्थापनेला बॉयलरचं अग्निप्रदीपन आणि दुसऱ्या दिवशी मंत्र्यांच्या हस्ते उसाची पहिली मोळी, असा कार्यक्रम ठरला. पत्रिकाही छापून झाल्या.

अग्निप्रदीपन म्हणजे बॉयलरची पूजा. चेअरमन जोडीनं पूजेला बसतात, गुरुजी मंत्र म्हणतात, मग पेटता पलिता भट्टीच्या तोंडात टाकायचा. टाळ्या होतात, पेढे वाटले जातात. लोकांना वाटतं, इथून बॉयलर सुरू झाला. त्यांना तसं वाटायला माझी कधीच हरकत नव्हती.

त्या वर्षीची अडचण वेगळी होती. भट्टीच्या आतली कमान आम्ही नव्यानं बांधली होती. ही कमान फायरब्रिकची, म्हणजे जाळ सोसणाऱ्या खास विटांची असते. विटा यायला उशीर झाला, त्यामुळे बांधकाम ऐन पितृपक्षाच्या तोंडावर संपलं. नवी कमान ओली असते. तिला आधी मंद आच देऊन, दिवसेंदिवस सावकाश वाढवत सुकवावी लागते. नव्यानं घातलेल्या चुलीत कुणी लगेच मोठा जाळ करत नाही, तसंच हे. घाई केली की आतल्या ओलाव्याची वाफ होते, विटा तडकतात आणि कमान खाली येते.

चूल फुटली तर भाकरी राहते. इथं भट्टीच्या दारापुढं माणूस उभा असतो. आधीच्या नोकरीत मी एक ओली कमान कोसळताना पाहिली होती. जाळाचा लोट दारातून बाहेर आला आणि दारापुढच्या फायरमनचे, म्हणजे भट्टीत जळण टाकणाऱ्याचे, दोन्ही हात भाजले. तो माणूस पुन्हा कामावर आला नाही. आमच्या भट्टीपुढं याकोब साळवे उभा राहायचा. हेड फायरमन, मिशन कंपाउंडमध्ये राहणारा, चार लेकरांचा बाप. मला त्याच्याबद्दल खरोखर धास्ती वाटत होती.

एरवी देवधर्माच्या बाबतीत कारखान्यात माझी ख्याती वाईट होती. मी देव मानत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी ते लपवलं नव्हतं आणि कुणाच्या नारळाला हातही लावला नव्हता. पॅनेलवर लक्ष्मी, गेजाशेजारी साईबाबा, फायरमनच्या खोलीत क्रूस आणि पाण्याच्या पंपाला हिरवी चादर. हे सगळे देव माझ्या हाताखाली सुखानं नांदत होते. माझं म्हणणं एवढंच, की वाफेचं प्रेशर किती ठेवायचं ते त्यांनी मला सांगू नये.

नानांना मी तेच समजावायला गेलो.

“नाना, हा कारखाना सहकारी आहे. सरकारचं भांडवल आहे यात. बॉयलरला सरकारी कायदा लागू आहे, आणि त्या कायद्यात पितृपक्ष नाही. कारखान्याला धर्म नसतो.”

“बरं. कारखाना कुनाचा?”

“सभासदांचा.”

“सभासदांला धर्म हाय का न्हाई?”

“आहे, पण...”

“मंग झालं तर. आन ऐका, पुढच्या साली विलेक्शन हाय. मोळी टाकली आन मिलचा पट्टा तुटला, तर इरोधक म्हनतील, नानानं पितरांच्या पंधरवड्यात इस्तू पेटवला. त्येला तुमचा कायदा उत्तर देनार हाय का?”

मी कमानीचं सांगितलं, भाजलेल्या हातांचं सांगितलं. तेव्हा मात्र नानांनी पानाचा डबा पुन्हा उघडला. माणूस दुष्ट नव्हता, फक्त मतदारांना भीत होता. थोड्या वेळानं त्यांचे डोळे लकाकले.

“याकोबला लावू द्या की काडी! त्यांच्यात कुठं पितृपक्ष असतोय?”

तोडगा वाईट नव्हता. याकोब ख्रिस्ती आहे म्हणून निधर्मी कारखान्याची भट्टी त्यानं पेटवायची, हे माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. पण कमान तर सुकवायलाच हवी होती. मी याकोबला बोलावलं.

“पेटवतो की साहेब,” याकोब म्हणाला. “फकस्त पाळकसाहेबांना बोलवतो. दोन मिंटं प्रार्थना करतील.”

“प्रार्थना नको,” नाना दचकले. “प्रार्थना झाली म्हंजी सुरुवात झाली.”

“मंग मी मनातल्या मनात करतो.”

“मनातबी नको!”

“तसं कसं नाना? नव्या भट्टीत प्रार्थनेबिगर काडी वढायची म्हंजी...” याकोबनं मान हलवली. “मला न्हाई जमायचं.”

मग बाबूभाईला विचारलं. बाबूभाई दुसऱ्या पाळीचा फायरमन. तो म्हणाला, “बिस्मिल्ला म्हटल्याबिगर मी पानी पीत न्हाई साहेब, आन एवढा जाळ?” नानांनी कपाळाला हात लावला. पितृपक्षात बिस्मिल्लानं सुरुवात झाली हे गावात कळलं असतं, तर विरोधकांना पुढच्या तीन निवडणुकांची सोय झाली असती.

शेवटी नाना म्हणाले, “गुरुजींस्नी इचारू.” मी वैतागलो. बॉयलरची तांत्रिक अडचण घेऊन भिक्षुकाकडं जाणारा मी जिल्ह्यातला पहिलाच इंजिनिअर असेन. पण मुहूर्त रोज जवळ येत होता आणि कमान तितकीच ओली होती. गेलो.

गुरुजी ओसरीवर दर्भाच्या जुड्या बांधत बसले होते. पितृपक्ष म्हणजे त्यांचा सीझन. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मलाच प्रश्न केला.

“तुमच्या घरी या पंधरवड्यात चूल पेटते ना?”

“पेटते.”

“पेटायलाच हवी. नाहीतर पितरांना जेवायला काय घालणार? अहो, अग्नीला मनाई नाही, आरंभाला मनाई आहे. आणि आरंभ कशानं होतो? संकल्पानं. संकल्प नसेल तर ती नुसती चूल.”

नानांचा जीव भांड्यात पडला. “म्हंजी पेटवली तर चालंल?”

“चालेल. पण पेटवणाऱ्याच्या मनात कुठल्याही देवाचं नाव येता कामा नये. श्रद्धाळू माणूस काडी ओढताना आत कुठेतरी देवाला हाक मारतोच. ती मारली की संकल्प झाला.”

“असा मानूस कुठून आनायचा?” नाना म्हणाले.

मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

इतक्या वर्षांत माझ्या नास्तिकपणाबद्दल मला टोमणे मिळाले होते, उपदेश मिळाले होते, बायकोच्या माहेरून तर एक ताईतसुद्धा आला होता. त्याचा कुणाला उपयोग होईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीपुढं सगळे जमले. आत बाभळीची लाकडं रचलेली, वर रॉकेलमध्ये भिजवलेलं कॉटन वेस्ट, म्हणजे यंत्रं पुसायचं टाकाऊ सूत. मी काडेपेटी काढली, तेवढ्यात नानांनी माझा हात धरला.

“साहेब, येक इचारू? राग मानू नका. खरंच न्हाई ना मानत?”

“नाही.”

“घरी देव्हारा हाय की तुमच्या.”

“बायकोचा आहे.”

“परसाद खाता का?”

“शिरा असेल तर खातो.”

नानांनी काळजीनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी म्हणाले, “शिरा चालतो. ती भूक.”

“आजारी पडल्यावर? आत कुठंतरी, लई आत, थोडं?”

“डॉक्टरला बोलावतो.”

“पोरीच्या बाळंतपनाला?”

“मुलगी पाचवीत आहे, नाना!”

इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत मला इतका घाम फुटला नव्हता. मला राग आला होता. माणसाच्या मनात काय आहे हे विचारायचा कारखान्याला काय अधिकार? हेच तर मी जन्मभर सांगत आलो होतो. पण मी काडी हातात घेतली, कारण माझ्या शेजारी याकोब उभा होता आणि त्याचे हात मला दिसत होते.

पहिली काडी वाऱ्यानं विझली. दुसरी ओली निघाली. कुणीही जाळाकडं बघत नव्हतं. सगळे माझ्या ओठांकडं बघत होते. तिसऱ्या काडीला कॉटन वेस्टनं पेट घेतला.

“काय आलं का मनात?” नानांनी हळूच विचारलं.

“आलं. काडेपेटी बदलायला पाहिजे.”

“झकास!” नाना म्हणाले. गुरुजींनीही समाधानानं मान डोलावली.

पेटलेल्यात लाकूड घालायला कुणीही चालेल, ते काम आहे, असा गुरुजींनी पुढचा निर्णय दिला. त्यामुळे याकोब आणि बाबूभाई पाळीपाळीनं भट्टी सांभाळू लागले. मी रोज आच थोडी थोडी वाढवत होतो. कमानीतून आधी वाफ निघाली, मग ती कमी होत गेली. सगळं सुरळीत चाललं होतं.

एका दुपारी मी जेवायला बसलो होतो, तर याकोब सायकल मारत दारात. पावसाची सर येऊन लाकडं भिजली होती आणि भट्टी विझली होती.

“अरे मग पेटवायची ना! काडेपेटी नाही का?”

“खिशात हाय साहेब. पन माज्या तोंडून येशूचं नाव जानारच. लहानपनापास्नंची सवय. चला तुमी.”

हात धुऊन उठलो. बायको ताटावर झाकण ठेवत म्हणाली, “देव मानत नाही म्हणे, आणि यजमानांकडून बोलावणं आलं की जेवणावरून उठतात.” मी चपला घालून निघालो. तसं दोनदा झालं.

घटस्थापनेला अग्निप्रदीपन थाटात झालं. सनई होती, मांडव होता. नाना जरीचा फेटा बांधून काकूंसोबत जोडीनं बसले. पलिता टाकायला काकू भट्टीच्या दाराशी गेल्या आणि चटकन मागं सरल्या.

“अवं, हे तर आधीच तापल्यालं हाय!”

गुरुजींनी मंत्रांचा आवाज वाढवला. नाना मोठ्यानं म्हणाले, “अग्निदेव परसन्न झाला!” टाळ्या पडल्या. पलिता निखाऱ्यांवर जाऊन पडला आणि दोन मिनिटांत दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी मोळी पडली, वाफ पुरली, पट्टा तुटला नाही. पूर्ण सीझनभर कमानीला केसाएवढा तडा गेला नाही. याकोब दारापुढं उभा राहून रोज काम करत होता. सीझन संपला तेव्हा मला फार बरं वाटलं.

मी समजलो, विषय मिटला. पुढच्या भाद्रपदात नानांचा निरोप आला: “काडीला या.” त्या वर्षी कमान जुनी, कोरडी होती. सुकवायचं काहीच नव्हतं. मी तसं सांगितलं तर नाना म्हणाले, “मागल्या साली तुमी वढली आन सीझन चांगला गेला. आता मोडायचं कशाला?” गुरुजींनी वेळही काढून दिली होती. अशा रीतीनं माझा नास्तिकपणा कारखान्याच्या सणावारांत जमा झाला.

पुढं मला पुण्याच्या बाजूला नोकरी मिळाली. जाण्याआधी माझ्या जागेसाठी मुलाखती झाल्या. नानांनी मलाही बसवलं होतं. एक मुलगा फार चांगला होता. राहुरीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, बॉयलरचं सर्टिफिकेट पहिल्या फटक्यात मिळवलेला. सगळी उत्तरं बरोबर. शेवटी नानांनी विचारलं, “देव मानता का?”

पोराचा चेहरा उजळला. “व्हय जी. शनिवारी मारुतीला गेल्याबिगर तोंडात पानी घेत न्हाई.”

“या तुमी,” नाना म्हणाले. तो बाहेर गेल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, “पोरगं गुनी हाय. पन ह्यो चालायचा न्हाई.”

मला आधी हसू आलं आणि मग एकदम चीड आली.

“नाना, देव मानतो म्हणून नोकरी नाकारता? हे चालणार नाही. तो मारुतीला जावो नाहीतर चर्चमध्ये, कारखान्याला त्याचं काय? त्यानं बॉयलर नीट चालवला की झालं. ही जागा त्याचीच आहे. त्याला घेणार नसाल तर मी बोर्डापुढं बोलेन.”

नाना माझ्याकडं बघतच राहिले. मारुतीच्या भक्तासाठी मी भांडतोय हे त्यांना पचत नव्हतं. मलाही ते जरा जडच जात होतं.

“बरं, घेऊ त्येला,” ते शेवटी म्हणाले. “पन मंग काडी कोन वढायची?”

त्या पोरानं तिथं उत्तम काम केलं. मी मात्र पुढची कितीतरी वर्षं भाद्रपदात रजा टाकून पुण्याहून एसटीनं जात होतो, काडी ओढून, काकूंच्या हातचं जेवून संध्याकाळच्या गाडीनं परतत होतो. धर्म आणि कारखाना वेगळे ठेवावेत, असं माझं आजही ठाम मत आहे. फक्त त्यासाठी कुणालातरी दरवर्षी एसटीत उभ्यानं प्रवास करावा लागतो.