नावं गावाकडं, घरं नवागामात

आप्पा मत मागायला दारात आले की हात जोडत नसत. पायजमा वर ओढून पोटरीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "माझ्याकडं इथवर आलं होतं. तुझ्याकडं?"

ते गटाराच्या पाण्याबद्दल बोलत. सुरतेच्या नवागामातल्या आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात ते घरात शिरायचं, आणि मागोमाग मुलांना कावीळ व्हायची. समोरून आला की लोक वाट बदलतात, असा एखादा संतापी माणूस तुमच्याही वस्तीत असेल. आमच्याकडं आप्पा होते. लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात, तीस वर्षं काढून कान अधू झालेले, त्यामुळं साधं बोलणंही भांडल्यासारखं. महापालिकेच्या निवडणुकीला ते अपक्ष उभे राहिले तेव्हा माझे वडील हसले. "आता कॉर्पोरेशनशी बी भांडणार."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, म्हणून पत्रक लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी लिहिलं, 'वॉर्डाचा सर्वांगीण विकास'.

"हे काय असतं? बोट दाखव," आप्पा म्हणाले.

मला दाखवता येईना.

"मग खोड."

शेवटी तीनच गोष्टी राहिल्या. आधी गटार, मग रस्ता. रस्ता उंबऱ्याच्या वर नको, जुना उकरून करा. आणि खात्याजवळ दुसरी जागा दिल्याशिवाय कोणाचं झोपडं पाडू नका.

आप्पांच्या विरोधात उभे असलेले शेठ एवढंच म्हणत, "रोड पाको थई जशे." रस्ता पक्का होऊन जाईल. लोक त्यालाही माना डोलवत. आप्पा चौकात ओरडले, "अरे, रोड वर जाई अन् घर खाले जाई, इतलं बी समजत नही का तुमले?"

निवडणुकीच्या कितीतरी आधी त्यांनी मतदार यादीचे फॉर्म आणले होते. मी घरोघर गेले. लोकांनी चहा पाजला आणि फॉर्म कोरेच परत दिले. इथं नाव लावलं की गावाकडचं कमी होईल, मग तिथलं घर, भाऊबंदांतला वाटा, सगळंच जाईल, ही भीती. वडीलही म्हणाले, "आपण इथं कामापुरते." सुरतेत त्यांना बावीस वर्षं झाली होती. मला नुकतंच अठरावं पूर्ण झालं होतं. मी माझा फॉर्म भरला, वडिलांच्या तोंडाकडं पाहिलं आणि वहीत ठेवून दिला. त्याचा मला अजून राग येतो. कोणावर जास्त, ते नीट सांगता येत नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर आप्पांचं टेबल होतं. यादीत नाव शोधून चिठ्ठी लिहून द्यायची, हे माझं काम. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या.

"नाव नाही, मावशी."

"असं कसं? मी आप्पाले शब्द देयेल शे."

एकानं रेशनकार्ड पुढं केलं. गावाकडचं, पारोळा तालुक्यातलं. "यावर चालतं ना?"

खोटं कोणीच बोलत नव्हतं. टेबलावर आपले आप्पाच बसलेत म्हटल्यावर ते काहीतरी करतील, असं सगळ्यांनी धरलं होतं.

मग वडील आले. आप्पांनी यादी माझ्या हातातून घेतली आणि पहिल्या पानापासून बोट फिरवायला सुरुवात केली. नाव नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. "राहू द्या, आप्पा," मी म्हटलं. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं.

"ऊन लागतंय. घरी जा," ते वडिलांना म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेठ निवडून आले. रस्ता झाला, जुन्यावरच, उंबऱ्याच्या वीतभर वर. तोवर आप्पा घराला कुलूप लावून मुलाकडं इच्छापोरला गेले होते. तिथंच उन्हाळ्यात वारले.

त्या पावसाळ्यात पाणी आमच्या चुलीपर्यंत आलं. वडील डब्यानं उपसत होते. "आप्पा असता तर भांडला असता," ते म्हणाले.

घरात मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. "असते तर काय? तुम्ही मत दिलं असतं? मी दिलं असतं?"

वडिलांचा डबा चालूच राहिला.

मी दारात आले. गल्लीतल्या प्रत्येक घरातून पाणी बाहेर फेकलं जात होतं. उंच रस्त्याला अडून ते कडेकडेनं आप्पांच्या बंद घराकडं वळत होतं आणि दाराखालच्या फटीतून आत शिरत होतं. तेवढ्या एका घरातून कोणी काही बाहेर फेकत नव्हतं.