संकष्टीच्या दिवशी भाकरी

मागच्या भेटीत तुमच्यातल्या धाकटीने माझ्या दातांवर नखाने टकटक करून विचारलं होतं, "आजी, हे खरे आहेत?" खरे आहेत. खालचा पुढचा एक सोडला तर सगळे माझे आहेत. कसे राहिले ते क्रमाने सांगते.

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला राहत होतो. मी चाळिशीला आले होते आणि चांगली जाड होते. कुठल्याही बारशाला कोणीतरी विचारायचंच, "काय गं, नवऱ्याला काही उरतं का?" बारीक व्हायचं म्हणून मी सोमवारच्या जोडीला गुरुवारही धरला. संकष्टी होतीच. उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू आणि वर केळं. वजन वाढतच गेलं.

मग दात घासताना रक्त यायला लागलं. हिरड्या सुजल्या. खालचे पुढचे दात जिभेने ढकलले तरी हलायचे.

"बाईचे दात जायचेच," सासूबाई म्हणाल्या. "माझे नाही गेले? कवळीने सगळं खाता येतं."

सगळं म्हणजे काय ते मी रोज बघत होते. त्या भाकरी दुधात कुस्करून खात आणि कडा काढून ठेवत.

स्टेशनजवळच्या दाताच्या डॉक्टरांचंही तेच मत पडलं. "एकेक कशाला, सगळेच काढू. कवळी छान दिसेल." मी तोंड मिटलं आणि खुर्चीवरून खाली उतरले. दात माझे होते. ते छान दिसण्यासाठी नव्हते, चावण्यासाठी होते.

घाटकोपरला दातांची एक तरुण डॉक्टरीण होती, तिच्याकडे गेले. तिने हिरडी दाबली, पू बघितला आणि विचारलं, "तहान फार लागते? पायाला जखम झाली तर लवकर भरते?"

"अहो, मी दात दाखवायला आले आहे."

"काकू, तोंड काय दुसऱ्या माणसाचं आहे?"

तिने रक्त तपासायला लावलं. साखर बरीच वाढलेली निघाली. तिने सरळ समजावलं: अंगावर चरबी वाढली की साखर आवरत नाही, साखर चढलेली राहिली की हिरड्या जंतूंशी लढू शकत नाहीत, आणि हिरड्या पिकल्या की साखर आणखी हट्टी होते. मग तिने उपासाला काय खाते ते विचारलं. मी सांगितलं. तिने हातातला आरसा खाली ठेवला. "हा उपास आहे की केळवण?"

हिरड्या आतून साफ करताना डोळ्यांत पाणी आलं. एक दात गेलाच. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्या दिल्या, संध्याकाळी चालायला लावलं. ते सगळं सोपं होतं. अवघड होती संकष्टी.

त्या दिवशी सासूबाईंनी माझ्यासाठी खिचडी वाढली. मी ती बाजूला सरकवली आणि ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी घेतली.

"अगं, आज संकष्टी आहे!"

"माहीत आहे, आई."

"गणपतीला काय सांगशील?"

"त्याला सगळ्यात आधी कळेल. एका दाताने कसं भागवावं लागतं ते त्यालाच ठाऊक."

तुमच्या आजोबांना ताक पिता पिता ठसका लागला. सासूबाई त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी भांड्यांच्या आवाजात बोलल्या. शेजारणीही येऊन म्हणाल्या, जाड बाईला उपास कसला जमतोय! मी त्यांच्यासमोर काकडी कचाकचा चावली.

बारीक मी कधीच झाले नाही. थोडी उतरले, इतकंच. पण हिरड्यांचं रक्त थांबलं आणि उरलेले दात घट्ट झाले. ज्यांना माझ्या जाडीवर बोलायचं होतं त्या पुढेही बोलत राहिल्या. त्यांच्यातल्या बहुतेकींनी कवळ्या लावल्या.

सासूबाईंनी चूक कबूल केली नाही, मीही कबुली मागितली नाही. पण पुढच्या कुठल्याशा संकष्टीला चंद्र बघून आम्ही जेवायला बसलो, तेव्हा त्यांनी आपल्या भाकरीची कडक, खरपूस कड मोडली आणि माझ्या ताटात ठेवली. मी ती त्यांना ऐकू जाईल अशी चावून खाल्ली.