आउटबॉक्समधला राग

सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या ज्या मिलमध्ये मी डिस्पॅच सांभाळतो, तिथल्या पॅकिंग हॉलमध्ये मोबाइलला रेंज येत नाही. वर पत्रा, चारी बाजूंना साड्यांच्या गाठींच्या थप्प्या आणि भिंतीपलीकडे छपाईची मशिनं. फोन लावायचा तर फाटकापर्यंत चालत जावं लागतं. मेल मात्र दिवसभर साचत असतात. व्यापाऱ्यांचे, ट्रान्सपोर्टवाल्यांचे आणि सगळ्यांत जास्त शेठचे. शेठची केबिन वरच्या मजल्यावर, तिथे वायफाय आहे. ते वरून मेल टाकतात आणि खाली निरोप धाडतात, "भाऊ, मेल जोयो?" म्हणजे पाहिला का. आम्हा मराठी माणसांना सुरतेत सगळे भाऊच म्हणतात. त्यात प्रेम किती आणि काम काढून घेणं किती, हे मला इतक्या वर्षांत नीट कळलेलं नाही.

तर एकदा फाटकावर चहा प्यायलो आणि हॉलमध्ये परतल्यावर सहज मेल उघडला. रेंज नाही, तरी उघडला! फाटकावर असताना फोनने सगळे मेल आत ओढून ठेवले होते. उत्तर लिहून 'सेंड' दाबलं, तर ते 'आउटबॉक्स' नावाच्या कप्प्यात जाऊन बसलं आणि पुढच्या चहाला फाटकावर आलो तेव्हा सूं करून आपलं आपण निघून गेलं.

कंपन्यांनी ही सोय केव्हाच करून ठेवली असणार, पण मला वाटलं, हा शोध मीच लावला. सुरतेतल्या डिंडोली भागात, आमच्या सोसायटीत, मी याची प्रवचनं सुरू केली. नेट नसताना मेल कसा वाचायचा, सेटिंगमध्ये जुने मेल साठवून कसे ठेवायचे. एका हळदीच्या कार्यक्रमात नवरदेवाच्या मामाला धरून समजावलं. न्हाव्याच्या दुकानात तोंडाला फेस असताना बोललो. न्हाव्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण माझा मेल नाही ना."

इथवर ठीक होतं. पुढे मला एक वाईट सवय लागली.

शेठ चिडले की मला उलट बोलता येत नाही. मान खाली जाते आणि तोंडातून "हा शेठ, थई जशे", होऊन जाईल, एवढंच निघतं. गुजरातीत मी फार नम्र माणूस आहे. राग मला मराठीतच येतो. मग मी हॉलमध्ये गाठीवर बसून शेठला मराठीत मेल लिहायचो आणि पाहिजे ते बोलून घ्यायचो. सुरुवातीला लिहून पुसून टाकायचो. मग लक्षात आलं की 'सेंड' दाबलं तर छातीत जास्त थंडावा येतो. रेंज नसल्यामुळे मेल जात तर नाहीच. दाबायचं, दोन मिनिटं वाघासारखं बसायचं आणि आउटबॉक्समधून काढून टाकायचं.

ही युक्ती मी मोठ्या कौतुकाने बायकोला सांगितली. आम्ही दोघं खानदेशातले, घरात अहिराणीच बोलतो. तिने तव्यावरची भाकर उलटली आणि विचारलं, "जे धाडानंच नही, ते लिखतस कसाले?"

"मन हलकं व्हस," मी म्हटलं.

"मंग दाराला सांगा. दार काही नोकरीवरून काढत नही," ती म्हणाली. तिची बोलीही सुरतेत राहून अशी मिसळून गेली आहे.

मी ते हसण्यावारी नेलं.

मग आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीहून मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आमरस होतो. बायको मुलांना घेऊन आधीच तिच्या माहेरी गेली होती. माझी धाकटी बहीण नंदुरबारच्या पुढे दिली आहे. आईवडील गेल्यापासून तिला आणायला मीच जातो. त्या दिवसांपुरतं कुलूप काढून गावचं घर झाडलं की तिचं माहेर तयार. शेठनी चार दिवसांची रजा आधीच कबूल केली होती. ऐन वेळी मोठी ऑर्डर आली आणि त्यांनी सगळ्या कारागिरांसमोर हात झटकले. "आखाजी, आखाजी! अमारी अखात्रीज पण एज दिवसे छे. अमे क्यां रजा लईए छीए?"

मी म्हटलं, "हा शेठ."

आणि हॉलमध्ये जाऊन गाठीवर बसलो. तो माझा आजवरचा सर्वांत मोठा मेल होता. विषयाच्या जागी लिहिलं: 'माणूस आहे, बैल नाही'. मन भरेपर्यंत लिहिलं आणि 'सेंड' दाबलं. वाघ होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती, तोच शेठ स्वतः हॉलमध्ये आले. ते कधी तिथे येत नाहीत.

"चालो भाऊ, गाडीमां बेसो. गोडाऊन पर माल जोवानो छे."

मी फोन खिशात टाकला आणि मागोमाग निघालो. गाडीत त्यांच्या शेजारी बसलो. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि खिशात सूं झालं. लगेच समोर, गाडीच्या काचेखाली अडकवलेला शेठचा फोन टिंग वाजला. त्यावर माझं नाव आणि त्याखाली बैल.

शेठनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बाजूमां बेठा छो ने मेल मोकलो छो? वांचो. हुं गाडी चलावुं छुं."

मी त्यांचा फोन हातात घेतला. पहिला विचार आला, पुसून टाकू. पण फोन नवा, त्यातली अक्षरं गुजराती, आणि पुसायचं बटण कुठे आहे ते डिंडोलीच्या मोबाइल महाराजांना सापडेना. शेठ म्हणाले, "वांचो ने!"

पहिलं वाक्य होतं, 'शेठ, तुमचा शब्द म्हणजे सेलमधली साडी, पहिल्याच धुण्यात रंग सोडते.' मी गुजरातीत सांगितलं, "शेठ, आपल्या साड्यांचा रंग फार पक्का आहे."

"ते मला माहीत आहे. ते मेलमध्ये कशाला लिहिलं?"

"प्रस्तावना," मी म्हटलं. "पुढे लिहिलंय, मी बैलासारखं काम करतो."

शेठ समोर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "पण तिथे 'नाही' लिहिलंय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिंदी वाचणाऱ्याला मराठीतला 'नाही' वाचायला किती वेळ लागतो? आणि ज्याच्या मिलमध्ये निम्मे कारागीर डिंडोली-नवागामचे मराठी, त्याला काय मराठी कळत नसेल? भाषांतराची हिंमतच राहिली नाही. मी जे होतं ते, जसं होतं तसं, मराठीतच वाचू लागलो. मला कुत्र्यासारखं हाडहूड करता, हे वाचलं. सगळ्यांसमोर बोलता, हे वाचलं. मग बहिणीचा भाग आला. तिला आता माझ्याशिवाय माहेर नाही, शेजारणी आपापल्या भावांबरोबर निघतात आणि ती पिशवी भरून बसते, असं काहीतरी मी लिहिलं होतं. गाठीवर बसून लिहिताना त्यात राग होता. मोठ्याने वाचताना राग कुठे गेला कळेना. शेठनी गाडीतलं गाणं बंद केलं. शेवटचं वाक्य थांबवायच्या आत तोंडातून निघून गेलं: 'तुम्हाला बहीण नसेल, तुम्हाला काय कळणार!'

सिग्नलला गाडी थांबली. मग शेठ म्हणाले, "मारी त्रण बहेनो छे, भाऊ. तीन."

मी म्हटलं, "हा शेठ."

गोडाऊनवर त्यांनी माल पाहिला, दोघांना झापलं आणि मला गाठी मोजायला लावल्या. परतताना मिलच्या फाटकाशी गाडी थांबवून म्हणाले, "काले निकळी जजो. चार दिवस दिले होते. बे दिवस बळदना कापी लीधा." म्हणजे उद्या निघा, बैलाचे दोन दिवस कापले. आणि हसले. मीही हसलो, पण मला ते नीट जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुरतेच्या उधना स्टेशनावरून गाडीत बसलो. गाडी सुटता सुटता शेठचा मेल आल्याचं दिसलं. विषय: 'अर्जन्ट'. नंतर रेंज गेली. मी निवांत मेल उघडला, कारण नेट नसताना मेल कसा उघडायचा हे सुरतेत माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. आत काहीच नव्हतं. नुसतं एक गोल चक्र फिरत होतं. फोनने विषय तेवढा घेतला होता, मजकूर बाहेरच राहिला होता.

नवापूरच्या डोंगरांतून गाडी जात होती आणि मी त्या चक्राकडे पाहत होतो. मला नक्की कामावरून काढून टाकलं असणार. रात्री शेठनी विचार केला असेल, घरच्यांनी कान भरले असतील. मी माफीचा मेल लिहिला, 'सेंड' दाबलं. मग वाटलं, एवढं का वाकायचं? दुसरा लिहिला: तुमची नोकरी तुम्हालाच लखलाभ. तोही दाबला. शेजारच्या बाईंनी शेंगा दिल्या, त्या खात बसलो आणि कुठला ठेवायचा, कुठला काढायचा ते ठरवता ठरवता डोळा लागला.

नंदुरबार जवळ आलं तेव्हा खिशातल्या सूंसूंने जाग आली. एक नाही, दोन. घाईघाईने शेठचा मेल उघडला. एकच ओळ होती: पॅकिंगच्या कपाटाची चावी कोणाकडे आहे?

चावी माझ्या शर्टाच्या खिशात होती.

तेवढ्यात शेठचा फोन आला. "भाऊ, चावी?"

"माझ्याकडे, शेठ."

"अने आ शुं छे? एकात पाया पडता, दुसऱ्यात नोकरी सोडता. कयो साचो?"

"एकही खरा नाही, शेठ."

"सारूं," ते म्हणाले, "मग मी कुलूप तोडतो," आणि फोन ठेवला.

बहिणीच्या घरी पोचलो तर ती दारातच. "दादा, माले वाटनं, यंदा तू येत नही." तिच्या सासूबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, त्यात शेवटची एसटी गेली. मग गावातल्या एका पिकअपच्या मागे, कांद्याच्या पोत्यांवर बसून आम्ही दोघं आमच्या गावाला निघालो. वाटेत मी तिला सगळा किस्सा सांगितला. शेठला काय काय लिहिलं ते ऐकून ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की ड्रायव्हरने गाडी हळू केली.

आखाजीला गावात लिंबाला झोका बांधला होता. बहीण बसली आणि मला म्हणाली, झोका दे. लहानपणी देत होतो त्याच जोरात दिला. तिला काही झालं नाही, माझी पाठ धरली. परतीच्या गाडीत जागा होती, पण बसवेना, म्हणून सुरतेपर्यंत दारापाशी उभा राहून आलो.