सर कोरियात, लॉक माझ्या हातात

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. ऑफिसमधले सगळे निघून गेले होते. कॉम्प्युटरच्या मागचं लॉक काढून मी हातात घेतलं होतं, आणि ते पर्समध्ये टाकावं की परत लावावं हे मला ठरवता येत नव्हतं.

लॉक म्हणजे काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. तो मागे लावलेला असेल तरच आमचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडायचं. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत आमचं पाच जणांचं डिझाइन ऑफिस होतं. आम्ही फिक्स्चर डिझाइन करायचो. मशीनवर एखादा भाग कापायचा, भोकं पाडायची, तर तो दर वेळी त्याच जागी घट्ट धरून ठेवावा लागतो. ती पकड म्हणजे फिक्स्चर.

आमचे बॉस, म्हणजे सर, बारा दिवसांसाठी कोरियाला मशीनचं प्रदर्शन बघायला गेले होते. ते परत येतील त्याच दिवशी पुण्याच्या एका कस्टमरला ड्रॉइंग द्यायचं होतं. ते काम माझ्याकडे होतं. नेमकं त्याच आठवड्यात माझ्या वडिलांना, अण्णांना, दवाखान्यातून घरी सोडलं. अर्धांगाचा सौम्य झटका होता. उजव्या हातात जोर नव्हता, शब्द अडखळत होते. दर दोन तासांनी हाताचा व्यायाम करून घ्या, आत्ताचे दिवसच महत्त्वाचे आहेत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पंचवटीतल्या घरात आम्ही दोघंच. मावशी यायची, पण तिला एक वाजता तिच्या घरी परतावं लागे.

रजा घेतली असती तर ड्रॉइंग रखडलं असतं. घरी जुना कॉम्प्युटर होता. माझ्या शेजारच्या टेबलावरचा संदीप दुपारीच म्हणाला होता, "मॅडम, लॉक घेऊन जा घरी. सर नाहीत, कोण विचारतंय?"

तो चांगल्या मनानेच म्हणाला होता. पण 'कोण विचारतंय' हे मला टोचत राहिलं. सर समोर असते तर मी लॉक न विचारता नेलं असतं का? नसतं. मी ते परत जागेवर लावलं आणि दुपारनंतर घरून काम करू का, असा सरांना मेल लिहिला.

दोन दिवस उत्तर आलं नाही. तोवर मावशी कशीबशी संध्याकाळपर्यंत थांबत होती. तिसऱ्या दिवशी मी माझं मीच ठरवलं. दुपारपर्यंत ऑफिस, नंतर घर. लॉक न्यायचं नाही, कस्टमरचा कागद न्यायचा नाही. फक्त मापं डायरीत उतरवून न्यायची. मस्टरवर मी 'दुपारनंतर घरून काम' असं लिहिलं. अकाउंट्सचे जोशीकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, हजर किंवा रजा, तिसरं काही नसतं. मी म्हटलं, सर आले की ते ठरवतील, तोवर राहू द्या.

घरी माळ्यावरून पॉलिटेक्निकच्या दिवसांतला ड्रॉइंग बोर्ड काढला. पेन्सिलने आखायचं, दोन तासांनी उठून अण्णांची बोटं एकेक उघडायची, मिटायची, पुन्हा बोर्डावर बसायचं. सकाळी ऑफिसला जाऊन तेच कॉम्प्युटरवर चढवायचं. पहिले दोन दिवस काम हळू झालं. मग लक्षात आलं की कागदावर मी जास्त विचार करते आहे.

अण्णा गॅरेजमध्ये तीस वर्षं मेकॅनिक होते. एका दुपारी ते खुर्ची सरकवून बोर्डाजवळ आले. बराच वेळ बघत राहिले. मग डावं बोट एका नटावर ठेवलं.

"पाना," ते म्हणाले. थांबले. "फिरणार... नाही."

मी बघितलं. खरंच, नटाच्या शेजारीच मी उभी प्लेट दिली होती. पाना अर्धाही फिरला नसता. कॉम्प्युटरवर ते चित्र मी वीस वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी नट दुसऱ्या बाजूला घेतला. तीन शब्द जुळवले म्हणून अण्णा स्वतःवरच खूश होते. मी तर त्यांच्याहून जास्त.

सर आले त्या सकाळी मी आधी मस्टर त्यांच्यासमोर ठेवलं, मग ड्रॉइंग. त्यांना तिथे मेल बघायला जमलंच नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "फोनवर विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं."

"मग रजा धरा, सर. लॉक इथेच होतं."

ते ड्रॉइंगवर वाकले. नट या बाजूला का, असं विचारलं. मी अण्णांचं सांगितलं. सर थोडं हसले आणि म्हणाले, महिनाअखेरपर्यंत असंच चालू द्या, पण रोज सकाळी मला काम दाखवायचं.

कस्टमरने दोन किरकोळ दुरुस्त्या सांगून ड्रॉइंग पास केलं. दिवाळीपर्यंत अण्णा शर्टाची बटणं स्वतः लावू लागले.

नंतर मी स्वतः बॉस झाले, तेव्हा माझ्याकडेही लोक घरून काम मागायला येत. मी त्यांना एवढंच विचारायची, की घरी काय केलं आणि काय नाही, हे नंतर मला कोण सांगणार आहे, तुम्ही की दुसरं कोणी? हो म्हणायचं की नाही, ते बहुतेक वेळा त्यांच्या उत्तरावरूनच ठरायचं.