बेचाळीस किलो

चाकणच्या ज्या कंपनीत मी गाड्यांच्या सीट तपासायचे, तिथल्या आमच्या साहेबांकडे अक्कल सोडून सगळं होतं. सीटच्या कव्हराखाली आम्ही काळ्या रबराची पट्टी घालायचो. त्या रबरात कार्बनची पूड मिसळलेली असते. दाब पडला की त्यातून वीज जास्त वाहते. हाच सेन्सर. माणूस बसला हे गाडीला कळतं आणि पट्टा लावला नसेल तर ती बोंबलते. एवढं साधं काम.

पण साहेबांनी चाचणीला बसवलं कुणाला, तर स्टोअरच्या भाऊंना. शेजारच्याच गावातले, घरच्या दुधातुपावर पोसलेले. ते बसले की सेन्सरच काय, खालची फरशीही ओळखेल! चाचणीचा दिवा लागला की साहेब टाळी वाजवायचे, जणू स्वतःच वीज शोधून काढली.

माझं वजन बेचाळीस किलो. मी बसले की दिवा ढिम्म. सकाळच्या थंडीत रबर ताठरलं की विचारूच नका. मी सांगितलं, मिश्रणात कार्बनच कमी आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? साहेब म्हणाले, "मॅडम, आधी तुम्ही चार घास जास्त खा." त्यांची री ओढणारे सगळे फिदीफिदी हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई तर माझ्याहूनही बारीक. अशा बायकाही गाडीत पुढे बसतात, हे या शहाण्यांच्या गावीही नव्हतं.

पुढे गाडीवाल्या कंपनीचे लोक तपासणीला आले. त्यांनी आधीच कळवलं होतं, या वेळी बाईला बसवा. साहेबांनी सकाळीच माझ्या हातात नटबोल्टची पिशवी दिली. "मांडीवर घ्या. वरून ओढणी."

मी बसले. दिवा लागला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. साहेबांचा तो प्रसन्न चेहरा बघून मला शिसारी आली. माझा हात पिशवीकडे जाताना भाऊंनी पाहिला. ते हळूच म्हणाले, "ताई, ऱ्हाऊ द्या. नोकरी जाईल, राव."

मी पिशवी उचलून खाली ठेवली. दिवा विझला. पाहुणे दिव्याकडे बघायला लागले.

साहेबांनी क्षणभरही वेळ दवडला नाही. "बरोबर आहे, सर," ते म्हणाले, "सीट रिकामी झाली ना!"

मी तिथेच बसलेली होते.